‘कोणाचा थांबला?’ असे विचारणारे निमजे सर

एकनाथराव निमजे सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी माझ्यावर घेतलेल्या संशयातून. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असे समितीतल्या ज्येष्ठांनी मला दोनदा सुचवले. पण सर पंचाहत्तर वर्षांचे होत असले तरी डोळे शाबूत आहेत, आणि हा लेख छापायला जाण्याआधी ते तो वाचणार आहेत. उगाच गोडगोड लिहिले तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह येईल. तेव्हा जसे घडले तसे लिहिते.

सी.ए.च्या परीक्षेचा पहिला टप्पा ओलांडून मी उमेदवारीसाठी जागा शोधत होते. वर्ध्यात स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर सरांचे कार्यालय होते. आजही तिथेच आहे. केळझरहून बाबा सोबत आले होते. बाबा लाइनमन, साहेबांसमोर बसायची त्यांना सवय नाही, म्हणून ते दाराशी उभे राहिले. सरांनी माझी गुणपत्रिका घेतली, खिडकीकडे धरली आणि उजेडात उलटीसुलटी करून पाहिली. खरी आहे की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते. मग त्यांनी विचारले, "इथवर कशी आली?"

"एस.टी.नं."

"तिकिटाचे पैसे कोणाचे?"

"बाबांचे."

"त्यायच्याजवळ कुठून आले?"

बाबा घसा खाकरून म्हणाले, "पगारातले होत, साहेब."

"आज सव्वीस तारीख हाय. लाइनमनच्या पगारातलं सव्वीस तारखेले उरते?"

बाबा चपलांकडे पाहत म्हणाले, "शेजाऱ्याजवळून घेतले. एक तारखेले वापस द्याचे हायेत."

"मंग असं सांगा ना," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "लिही. तिकीट, मागितलेला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरी मागायला आलेल्या माणसाच्या खिशात हात घालून हा कोण मोजतो? जिना उतरतानाच मी ठरवले की इथे परत पाय ठेवायचा नाही. बाबा मात्र खाली येऊन रस्त्यावर उभे राहून हसत होते. म्हणाले, "याच माणसापाशी शिक, बाई. यानं मले दोन मिन्टात धरलं. तुह्या मायले इतक्या वर्सात नाई जमलं." अशा रीतीने बाबांच्या हट्टामुळे मी सरांची शिष्या झाले.

सरांची कामाची पद्धत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. दिवाळीत अशिलांकडून मिठाईचे जे खोके येत ते सर त्याच माणसाच्या हाती परत देत. ते घेत फक्त कॅलेंडर, तेही भिंतीवरचे, मोठे. महिना संपला की पान फाडून मागची कोरी बाजू वर करायची आणि कंपनीचे रोख प्रवाह पत्रक त्यावर हाताने उतरवायचे, हा आमच्या कार्यालयाचा रिवाज होता. संगणक होता, पण तो नंतर. डावीकडे आलेला पैसा, उजवीकडे गेलेला. आडवे तीन कप्पे. पुस्तकांत त्यांना कार्यचालन, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा अशी भारदस्त नावे आहेत. सरांनी ती कधी वापरली नाहीत. ते म्हणत, पैसा तीनच वाटांनी येतो: कमावलेला, विकलेला आणि मागितलेला. धंदा करून आला तो कमावलेला. जमीन, यंत्र, घेऊन ठेवलेले शेअर काढून आला तो विकलेला. बँकेने किंवा भागधारकांनी दिला तो मागितलेला. जातानाही तो याच तीन वाटांनी जातो. नफ्याचा आकडा कोणालाही फुगवता येतो, पण पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे लपवायला कष्ट पडतात, म्हणून आधी हे पान वाचायचे, अशी त्यांची शिकवण.

आणि पानाच्या तळाशी एक ओळ कोरी सोडायची. तिच्या डोक्यावर सर स्वतः लिहीत: ‘कोणाचा थांबला?’

ही ओळ मला पहिले वर्षभर समजली नाही. विचारले तर सर म्हणत, "समजंन तवा भर." मला वाटे, हा त्यांचा एक चक्रमपणा. त्यांचे चक्रमपण तर गावाला ठाऊक आहे. रिक्षावाल्याने सुटे दिले तर नोट उजेडात धरून पाहतील. चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जातात तेव्हा दुकानातले चार-पाच नारळ कानाशी हलवून, आत पाणी वाजते का ते ऐकून मगच एक निवडतात. मी एकदा म्हटले, "सर, देवाला द्यायचा आहे ना, कोणताही घ्या." तर म्हणाले, "देवाले द्याचा हाय म्हनूनच पाहून राह्यलो. दुकानदारालेबी मालूम हाय ना, देव तक्रार कराले येत नाई." काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणतात की लग्नाला बोहल्यावर उभे राहतानाही यांनी अंतरपाटाच्या वरून डोकावून नवरी तीच आहे ना याची खात्री करून घेतली होती. काकूंचा शब्द मी तपासलेला नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते.

माझ्या उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी बाबा निवृत्त झाले. लाइनमनला पेन्शन म्हणजे नावापुरती. आयुष्यभर खांबावर चढून जे काही जमले होते ते सगळे फंडात होते आणि तो एकरकमी हातात आला. त्यावरच आईबाबांचे म्हातारपण काढायचे होते. याच सुमारास जिल्ह्यातल्या एका जिनिंग कंपनीचा माणूस आमच्या घरी आला. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. कंपनी ओळखीपाळखीच्या मोजक्या लोकांना आपले भाग देणार होती, आणि वर्षाला बँकेच्या दीडपट परतावा. सोबत तिचा वार्षिक अहवाल, गुळगुळीत कागदाचा, मुखपृष्ठावर कापसाचा डोंगर. बाबांनी तो अहवाल माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "तू पाह्य. तू हो म्हटलं त देतो. दुसऱ्या कोणाचं आयकत नाई."

एवढा मान मला त्याआधी कोणी दिला नव्हता. मी कॅलेंडरचे पान घेतले, तीन कप्पे आखले आणि पत्रक उतरवले. पहिल्याच कप्प्यात माझे डोळे दिपले. नफा बेताचा होता, पण धंद्यातून आलेली रोख त्याच्या तिप्पट. ज्या कंपनीच्या नफ्याइतकीही रोख येत नाही तिच्यावर संशय घ्यायचा, हे सरांनीच शिकवले होते. इथे तर उलटे, नफ्याहून रोख जास्त. याहून निर्मळ कंपनी कुठली? तळाची ओळ कोरीच राहिली. मी बाबांना म्हटले, "चांगली आहे. द्या." बाबांनी शनिवारी चेक देतो असा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी ते पान मी मोठ्या डौलाने सरांच्या टेबलावर ठेवले. शाबासकी हवी होती, दुसरे काय. सरांनी वरचे नाव वाचले आणि पान बोटाने माझ्याकडे परत सरकवले.

"हे माह्यासमोर ठेवू नको."

"चुकलं का, सर?"

"चुकलं का बरोबर, ते मी सांगनार नाई." मग थांबून त्यांनी तळाच्या कोऱ्या ओळीवर पेन्सिलीचे टोक दोनदा आपटले. "पन हे पान पुरं नाई."

एवढे बोलून ते दुसऱ्या फायलीत शिरले. मी तोंड वेडेवाकडे करत बाहेर आले. आमचे जुने लिपिक पांडेजी यांनी ते पाहिले आणि मला जिन्यात गाठून हळूच सांगितले की ही कंपनी दोन वर्षांपूर्वीपर्यंत सरांचीच अशील होती. तिथले लेखापरीक्षक सरच होते. "काढलं त्यायनं सरले. तवापासून नाव घेतलं की तोंड कडू होते."

मग काय, सगळे लख्ख झाले असे मला वाटले. काम गेले म्हणून सर जळतात. एका गरीब लाइनमनचे चार पैसे वाढत असतील तर तेही यांना पाहवत नाही. ज्या माणसाने माझ्या बापाच्या तिकिटाचे पैसे मोजले होते त्याच्याबद्दल असे वाटायला फारसा जोर लागला नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटले ते वाटले.

तरी ती कोरी ओळ डोक्यातून जाईना. मंगळवारी दुपारी मी अहवाल पुन्हा उघडला. नफा एवढा आणि रोख त्याच्या तिप्पट, तर मधला फरक आला कुठून, हे ओळीओळीने पाहू लागले. बहुतेक सगळा फरक एकाच ओळीत होता: व्यापारी देण्यांतील वाढ. पत्रकाचा नियमच असा आहे की ज्यांचे देणे अजून दिलेले नाही, ती वाढलेली रक्कम धंद्यातून आलेल्या रोखीत मिळवली जाते. हिशेबात काहीही खोटे नव्हते. पण जिनिंगवाला देणे लागतो कोणाला? ज्याच्याकडून कापूस घेतला त्याला.

गिरडच्या अलीकडे एका खेड्यात माझी आत्या राहते आणि तिचा कापूस त्याच जिनिंगला जात असे. बुधवारी मी सुट्टी घेतली, वर्ध्याहून एस.टी. धरली आणि तिच्याकडे गेले. आत्या अंगणात तूर पाखडत होती. मी पाणीही न पिता विचारले, "आत्या, कापसाचा चुकारा झाला का? पैसे मिळाले?"

"झाला ना. चेक देल्ला." तिने घरातून तुरीच्या डाळीचा डबा आणला, डाळीत कोपरापर्यंत हात घालून प्लास्टिकच्या पिशवीतला चेक काढला. त्यावर तारीख एप्रिलातली होती. तेव्हा जानेवारी चालू होता.

"अवं, हा तर पुढच्या तारखेचा आहे."

"त मंग? क्विंटलमागं पन्नास रुपये जास्त देते ना तो. मार्च झाला की वठवा म्हन्ते. मागच्या सालीबी असंच होतं. वठला की एप्रिलात."

"गावात आणखी कोणाकोणाचे असे चेक आहेत?"

"पारावर बसते त्या साऱ्यायचे." आत्या डबा बंद करत म्हणाली, "तू काऊन इतकी पांढरी पडली? जेवली नाई का?"

मी खरेच पांढरी पडले असणार. मागच्या एकतीस मार्चला कंपनीच्या तिजोरीत जो पैसा दिसत होता, तो तेव्हा आत्याच्या डाळीच्या डब्यात असाच कागद होऊन पडला होता. मी ज्याला कमावलेला म्हटले होते तो आला नव्हताच. तो फक्त गेला नव्हता. परतीच्या गाडीत मी अहवाल मांडीवर घेऊन दुसरा कप्पा वाचला. तिथे एक मोठी रक्कम गेलेली होती, ‘संबंधित कंपनीस दिलेले कर्ज’ या नावाने, आणि ती संबंधित कंपनी मालकांच्या घरातलीच. म्हणजे पारावरच्या लोकांचा चुकारा थांबवायचा, पैसा दुसऱ्या दाराने घरात न्यायचा, आणि एप्रिलात चेक वठवायला बाबांसारख्यांचे फंड मागायचे. दरवर्षी थोडे थोडे जास्त. घरी आल्यावर मी ते पान काढले आणि तळाच्या ओळीत लिहिले, ‘आत्याचा’.

बाबांना सांगितले तेव्हा ते ऐकायला तयार नव्हते. रविवारी हो म्हणणारी मुलगी बुधवारी नाही म्हणते, याचा अर्थ त्यांनी लावला तो असा: "तुले सरनं पढवलं. पांडेजी भेटले होते स्टँडवर, त्यायनं सांगतलं, सरचं काम गेलं तिथलं." त्यांनी शब्द दिला होता आणि शब्दाबाहेर जाणे त्यांना मरणाहून जड. शुक्रवारी सकाळी ते तडक सरांच्या कार्यालयात आले. या वेळी ते दाराशी उभे राहिले नाहीत.

"जयभीम, साहेब."

सर उठून उभे राहिले. "जयभीम. बसा."

"बसाले नाई आलो. त्या कंपनीत पैसा टाकू का नको, एवढं सांगा."

"त्या कंपनीबद्दल मले एक शब्द बोलता येत नाई."

"काऊन?"

"मी ऑडिटर होतो त्यायचा. तिथं जे पाह्यलं ते बाहेर सांगाचं नसते."

"मंग काढलं कायले तुमाले?"

"तेबी सांगता येत नाई. मले जे बोलाचं होतं ते मी छापून मोकळा झालो."

बाबांचा आवाज चढला. "म्हंजे तुमच्या पोटात काईतरी हाय."

"हाय ना," सर शांतपणे म्हणाले. "म्हनून तर म्हन्तो, माह्यावर भरोसा ठेवू नका. मी नाई म्हटलं त तुमाले वाटन, जळून म्हन्ते. हो म्हटलं त वाटन, त्यायले मिळाला असंन. या पोट्टीवर ठेवा. तिनं जे छापलं हाय तेच वाचलं, अन् बसमधी बसून जाऊन पाह्यलं."

मी कुठे गेले होते हे मी सरांना सांगितलेच नव्हते. रजेच्या अर्जावर फक्त ‘घरगुती काम’ लिहिले होते. ते कसे समजले, हे मी आजतागायत विचारलेले नाही. बहुधा बुधवारच्या तिकिटाचा तुकडा माझ्या वहीत त्यांनी पाहिला असावा. बाबा जिना उतरून निघून गेले. शनिवारी कंपनीचा माणूस घरी आला तेव्हा त्याला चहा मिळाला, चेक मिळाला नाही. बाबा त्याला म्हणाले, "पोरगी नाई म्हन्ते." शब्द मोडल्याची खूण त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवस होती.

इथे हा लेख संपता तर सोपे झाले असते. पण पुढची दोन वर्षे त्या कंपनीला काहीही झाले नाही. आमच्या शेजाऱ्यांनी भाग घेतले होते, त्यांना दोन्ही वर्षे परतावा मिळाला, त्यातून त्यांनी फ्रीज घेतला. बाबा त्या फ्रीजमधले थंड पाणी पिऊन यायचे आणि माझ्याकडे नुसते पाहायचे. आत्याला मी गयावया करून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे वळवले होते. तो क्विंटलमागे पन्नास कमी देई, पण त्याच दिवशी रोख. दर हंगामाला आत्या निरोप पाठवी, "तुह्या शिक्षनानं माहे किती गेले ते येऊन मोज." आणि मी? मी सरांवर पुन्हा मनातून संशय घेऊ लागले. रोज समोर बसून काम शिकायचे आणि रोज वाटायचे, या माणसाने आपल्या रागासाठी माझ्या बापाचे नुकसान केले असेल तर? सरांनी मला स्पष्टीकरण दिले नाही आणि मी मागितले नाही.

तिसऱ्या एप्रिलात पारावरच्यांचे चेक वठले नाहीत. मे महिन्यात फाटकाला कुलूप लागले.

मी आनंदाने हे लिहीत नाही. शेजाऱ्यांकडे त्यानंतर बरेच दिवस कोणी मोठ्याने बोलत नव्हते. त्या दिवसांत मी कार्यालयातली जुनी कपाटे उपसली आणि त्या कंपनीचा जुना छापील अहवाल शोधला, सरांनी ज्यावर शेवटची सही केली होती तो. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत लेखापरीक्षकाचा शेरा होता. त्यात म्हटले होते की वर्षाखेरीस कापूस पुरवठादारांची देणी असाधारण वाढलेली आहेत, आणि संबंधित कंपनीला दिलेले कर्ज परत येण्याबद्दल समाधानकारक पुरावा मिळालेला नाही. खाली ए. नि. निमजे. दोनच वाक्ये. भागधारकांना पाठवलेला, कोणालाही वाचता येईल असा कागद. तो छापला म्हणून सरांचे काम गेले होते, आणि तो कोणीही वाचला नव्हता. मीही नाही. मी फक्त मुखपृष्ठावरच्या कापसाच्या डोंगराचा अहवाल वाचला होता.

तो कागद घेऊन मी सरांसमोर गेले. "सर, हे तेव्हाच दाखवायचं होतं."

त्यांनी कागद खिडकीकडे धरून ती दोन वाक्ये वाचली. म्हणाले, "मी मले विचारत असतो, अक्षर मोठं कराले लावलं असतं त काय बिघडलं असतं." मी त्यांना असे बोलताना पहिल्यांदाच ऐकले. ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, त्याने त्या यादीतून स्वतःलाही वगळले नव्हते.

त्या उन्हाळ्यात दर रविवारी सर माझ्यासोबत एस.टी.ने आत्याच्या गावी येत. पारावर बसून, कॅलेंडरच्या पानांवर, त्यांनी एकेकाच्या न वठलेल्या चेकची यादी केली, अर्ज लिहून दिले. एकाही माणसाकडून चहाखेरीज काही घेतले नाही, आणि ‘आधी विचारायचं होतं’ हे वाक्य एकदाही उच्चारले नाही. फक्त प्रत्येक चेक उजेडात धरून पाहत. काहींचे पैसे वर्षानुवर्षांनी, तुकड्यातुकड्याने आले. काहींचे अजून आलेले नाहीत. आत्याने त्या वर्षी कंडक्टरच्या हाती माझ्यासाठी तुरीच्या डाळीची थैली पाठवली. थैलीत कोपरापर्यंत हात घालून मी तपासले. डाळच होती.

आता थोडे या समारंभाबद्दल. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त समिती स्थापन झाली आणि मला कोषाध्यक्ष केले. सरांनी होकार दिला तो एका अटीवर. समितीचे आलेले-गेलेले पैसे कॅलेंडरच्या पानावर लिहून सभागृहाच्या दाराला लावायचे, आणि प्रत्येक देणगीदाराने आपला पैसा कमावलेला, विकलेला की मागितलेला हे लिहून द्यायचे. समितीत बरीच कुरकुर झाली. एका सदस्यांनी मला खासगीत विचारले, "सरांना आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटले, "नाही." त्यांना ते लागले, पण मी तरी काय करणार?

गेल्या आठवड्यात मी ते पान घेऊन सरांकडे गेले. हातात चांगली शिल्लक होती. मला वाटले, या वेळी तरी शाबासकी. सरांनी चष्मा पुसला, पान वाचले आणि विचारले, "शिल्लक इतकी काऊन?"

"लोकांनी प्रेमानं दिलं, सर."

"प्रेसवाल्याचं बिल?"

मी जीभ चावली. छापखान्याच्या मालकांना मीच सांगितले होते, कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग सावकाश देऊ. ते ‘चालते ताई’ म्हणाले होते. सरांनी पेन्सिल घेतली आणि तळाच्या ओळीत लिहिले, ‘प्रेसवाल्याचा’. मग म्हणाले, "सी.ए. होऊन किती वर्सं झाली तुले?"

छापखान्याचे बिल त्याच दुपारी चुकते केले. मानपत्राची चांदीची चौकट रद्द झाली आणि ग्रंथातील रंगीत पानेही. वाचकांना हा ग्रंथ थोडा फिका वाटला तर कारण हे आहे. जे आहे ते सगळे आपल्याच पैशाचे आहे.

सर, आपल्याकडून मी कौतुक फारसे ऐकले नाही आणि आपल्यालाही ते ऐकायची सवय नाही, म्हणून एवढेच सांगते. आपण माझ्यावर विश्वास ठेवला असता तर मी कधीच शिकले नसते. माझ्या हाताखाली आज तीन मुली शिकत आहेत आणि तिघींना माझा राग येतो, हे मी आपल्याच पुण्याईचे फळ मानते. काकूंसह आपणांस निरामय, दीर्घ आयुष्य लाभो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि शंभरीच्या ग्रंथाचा हिशेबही आपणच तपासावा, ही मनापासून इच्छा.

शेवटी एक निरोप. बाबा आता थकले आहेत, जिना चढवत नाही, समारंभाला येणे जमेल असे वाटत नाही. त्यांनी देणगी माझ्या हाती दिली तेव्हा मी अटीप्रमाणे विचारले, कमावलेला, विकलेला की मागितलेला? म्हणाले, "त्या फंडाच्या व्याजातला हाय." मग खाटेवर बसल्या बसल्या आणखी काही बोलले. सर छापलेल्याखेरीज कशावरच भरवसा ठेवत नाहीत, म्हणून ते इथे छापून देते, आणि छापखान्याला अक्षर मोठे ठेवायला सांगितले आहे:

"सरले सांगजो, फंड अजून हाय. म्हनाव, तुमीबी राहजा."